वकिलांच्या आडातली मरळ

मी परदेशात गेलो तो बैलगाडीत बसून. त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नाही, उलट समुद्राकडे पाठ करावी लागली. मालवणहून आगबोटीने मुंबई, पुढे रेल्वेने मनमाडमार्गे जालना, आणि तिथून गाडीवाल्याच्या मर्जीने मुक्काम करत माजलगाव. भाषा तीच, देव तेच, पण राज्य निजामाचं. सरकारी महिन्यांची नावं वेगळी, आणि हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे तिथली जकात. आम्ही ज्या मुलखाला मोगलाई म्हणायचो तिथली माणसं आमच्या मुलखाला नुसतं ‘इंग्रजी’ म्हणत. मी इंग्रजीतून आलो होतो आणि मदरशात इंग्रजी शिकवत होतो. गावाने मला इंग्रजीतले मास्तर म्हणून टाकलं आणि माझं खरं नाव विचारण्याची तसदी घेतली नाही.

दुसऱ्या वर्षी मी बायकोला आणलं. नाक्यावरच्या माणसाने तिच्या ट्रंकेतली चिनी मातीची बरणी उघडली. आत आमसुलं होती, आणि वर फडक्यात बांधलेली तिरफळं. त्याने एक तिरफळ दाताखाली धरून पाहिलं, जीभ बधिर झाल्यावर आमच्याकडे अविश्वासाने बघितलं, आणि हे औषध असल्याचं स्वतःच ठरवून बरणी परत दिली. बायकोने ती मांडीवर घेतली ती माजलगावपर्यंत खाली ठेवली नाही. माशाच्या आमटीखेरीज त्या तिरफळांचा दुसरा उपयोग आमच्या घरात कुणाला माहीत नव्हता, आणि मासा कुठून येणार हे तिने मला विचारलं नाही.

कारण घरात मासा येणार नाही हे तिला पत्रातून कळलेलं होतं. आम्ही राहत होतो ते घर एका वकिलांचं. मातीच्या माळवदाचं, पुढे अंगण, अंगणात आड, मागे गुरांचा गोठा. जागा देण्याआधी त्यांनी मला ओसरीवर बसवून रीतसर उलटतपासणी घेतली होती. गोत्र, शाखा, वेद. शेवटी त्यांनी विचारलं, तुमच्या बाजूचे ब्राह्मण मासे खातात म्हणे. मी म्हटलं, खातात. तुम्ही? तिकडे असताना खात होतो. आणि इथं? इथे समुद्र कुठे आहे, असं मी म्हटलं. हे उत्तर नव्हे हे त्यांच्या लक्षात आलं, कारण ते स्वतः रोज कचेरीत अशीच उत्तरं देत. थोडा विचार करून ते म्हणाले, “मासा आमच्या घरात न्हाई आला पाहिजे. बाहेर तुमी काय करता ते मी बघत न्हाई.” मी कबूल केलं. वकिलीणबाई आत दाराआड उभ्या होत्या. त्यांना आम्ही दोघंही पुढे काकू म्हणू लागलो.

समुद्र नसला तरी नदी होती. सिंदफणेला श्रावणात पूर येतो आणि दिवाळीनंतर ती डोहाडोहांत बसते. संध्याकाळी मी फिरायला जाई तो भोयांच्या वस्तीवरून. भोई म्हणजे मासे धरणारे आणि अंमलदारांचे मेणे उचलणारे. ही दोन कामं एकाच जातीकडे का आली असावीत याचा मी पुष्कळ विचार केला. एवढंच सुचलं की दोन्हींत पाण्यातल्या वा खांद्यावरच्या वजनाशी न बोलता गाठ असते.

किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला नदीतली मासेमारी आधी पोरखेळ वाटते. आमच्याकडे होड्या पहाटे दिसेनाशा होतात आणि येतात तेव्हा भरलेल्या असतात, मध्ये काय झालं ते कुणी बघत नाही. इथे सगळं डोळ्यांसमोर. सुकलेल्या भोपळ्यांची मोट बांधलेली असे, तिला ते सांगड म्हणत. तिच्यावर पोट टेकून एक म्हातारा भोई पाय हलवत डोहात जाई आणि जाळं सोडून परत येई, बुडालेल्या भांड्यासाठी कुणी विहिरीत उतरावं तितक्या सहज. बायका लुगड्याचा पदर दोघींत धरून उथळ पाण्यातून झिंगे गाळत आणि तोंडाने कुणाच्या तरी सासूचं गाळत. प्रत्येक डोहाला नाव होतं आणि प्रत्येक डोहातल्या मोठ्या माशाबद्दल त्यांना मतं होती. आमच्याकडचे मासेमार गाबीत समुद्राला देव मानतात. हे लोक डोहाला शेजारी मानत, आणि शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं थोडं वाईटही बोलत.

सर्वांत विलक्षण वाटली ती मरळ. सापासारखं डोकं, काळसर अंग, लांबीला हातभर. आमच्याकडे मासा किनाऱ्याला लागतो तेव्हा मेलेला असतो. मी जन्मभर खाल्लेल्या एकाही माशाशी माझी तोंडओळख झालेली नव्हती. मरळ पाण्याबाहेर तासन् तास जगते. भोई ती ओल्या फडक्यात गुंडाळून बाजारात नेत. फडकं बाजूला केलं की ती गिऱ्हाइकाकडे बघे. पहिल्यांदा तिने माझ्याकडे असं बघितलं तेव्हा मी बाजारात नसून कुणाच्या तरी घरी आगंतुक आलोय असं मला वाटलं.

पावसाळ्यात मरळ पिलं घेऊन फिरते. तांबड्या पिलांचा घोस पाण्याच्या वरच्या थरात तरंगतो आणि आई खालून राखण करते. तशी मरळ धरायची नाही, असा नेम असल्याचं म्हातारा भोई सांगे. नेम किती पाळला जातो असं विचारल्यावर तो म्हणाला, “आमी पाळतो. पल्याडच्या गावचे न्हाई पाळत.” पल्याडच्या गावात मी नंतर गेलो. तिथेही हेच सांगितलं, फक्त बोट उलट्या दिशेला होतं.

हा म्हातारा माझ्याशी बोले तो मी समुद्राकडचा म्हणून. दर्यात लई मोठाले मासे असतील न्हाई मास्तर, असं तो विचारी आणि उत्तराची वाट न बघता आपल्या आजाने धरलेल्या माशाची लांबी दाखवी. दोन्ही हात पुरत नसत, तेव्हा तो मला एका टोकाला उभं करी.

अशी दोन वर्षं गेली. मग बायकोला दिवस राहिले.

इतर बायकांच्या ओकाऱ्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात थांबतात त्या हिच्या पाचवा लागला तरी थांबेनात. भाकरी नको, भात नको, वरणाचा वास नको. काकूंनी लिंबू, आवळा, चिंचेचं सार, सगळं करून पाहिलं. हकिमांनी नाडी बघितली आणि सांगितलं की प्रवासाचं नाव काढू नका. माहेर राहिलं लांब. म्हणजे बाळंतपण इथेच, आणि ते करणार काकू. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातून जगात आलेली होती आणि त्यांतल्या कुणालाही त्या अजून नावाने न बोलावता त्याच्या जन्मवेळच्या त्रासाने ओळखत. आमच्या बाजूने विचार केला तर त्या घराचं छप्पर म्हणजे काकूच होत्या.

एका दुपारी बायको भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “एक वाटी माशाची आमटी मिळाली असती तर भात गेला असता पोटात.” तिने पुन्हा हा विषय काढला नाही, आणि तेच मला जड गेलं. कटकट केली असती तर मी रागावू शकलो असतो. ती दिवसेंदिवस हलकी होत गेली. पोट तेवढं पुढे, आणि मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

बाहेर कुठे नेऊन खाऊ घालावं असा विचार करून पाहिला. माजलगावात ‘बाहेर’ नावाची जागाच नव्हती. मी नदीवर चूल मांडली असती तर धूर दिसायच्या आधी बातमी गल्लीत आली असती. मग वकिलांनी जागा सोडायला सांगितली असती, आणि सहावा महिना लागलेल्या बाईला घेऊन मी कुठे जाणार होतो? म्हणून मी काहीच केलं नाही. शिकलेल्या माणसाला हे फार चांगलं जमतं.

मार्गशीर्षात अव्वल तालुकदारांचा दौरा आला. अव्वल तालुकदार म्हणजे साऱ्या जिल्ह्याचा मालक. तंबू पडले, गावातली कुत्री तात्पुरती हद्दपार झाली. हुजुरांनी सिकंदराबादेकडे कुणा गोऱ्या साहेबाला काठीने मासे धरताना पाहिलं होतं आणि मुंबईहून तशीच काठी मागवली होती. चार तुकड्यांची, पितळी चाकाची, मखमलीच्या पेटीत झोपवलेली. तिच्यासोबत एक छापील कागद होता तो इंग्रजीत, म्हणून तहसीलदारांनी मला बोलावलं. शिवाय मी समुद्राकडचा, म्हणजे मासे धरण्यात तरबेज असणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. गावातले सगळे वकील, हकीम, दारोगा आणि आमचे सदर मुदर्रिस, म्हणजे मदरशाचे हेडमास्तर, हेही हजर होते. शिकारीला जितके प्रेक्षक जास्त तितकी शिकार मोठी, अशी तिकडची रीत.

डोहाकडे उतरायची वाट टांग्याची नव्हती आणि हुजुरांचा पाय दुखत होता. ते मेण्यातून आले. मेणा उचलायला भोई लागतात, म्हणून वस्तीतले सगळे धडधाकट भोई लाल पागोटी बांधून मेण्याला लागले होते. म्हाताऱ्याला मेण्यापुढे ललकारी देण्याचं काम मिळालं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर असा थाट होता की आत तोच बसलाय आणि हुजूर त्याला वाहताहेत. मेणा ठेवल्यावर कुणी जागचं हलायचं नाही असा हुकूम झाला. तेव्हा नदीवर त्या दिवशी मासे धरता येणारे जेवढे होते तेवढे मेण्याच्या दांडीपाशी हात बांधून उभे, आणि ज्यांना धरता येत नव्हते ते आम्ही सगळे पाण्याजवळ.

गालिचा अंथरला, तक्के लागले, पानदान आलं, वर रेशमी छत्री धरली गेली. मी कागद वाचून हिंदुस्तानीत सांगितला. त्यात दोन गोष्टी मुख्य होत्या. शांतता राखावी, आणि पाण्यावर सावली पडू देऊ नये. तहसीलदार लगेच ओरडले, “खामोश!” त्यांच्यामागून दारोगा ओरडले, त्यांच्यामागून चपराशी. ही शांतता दूरवर ऐकू गेली असावी. छत्रीचा प्रश्न अवघड होता. तिची सावली नेमकी गळ पडणार होता तिथे पडत होती. पण छत्री हटवली तर हुजुरांवर ऊन, आणि माशांसाठी हुजुरांवर ऊन पाडण्याचा हुकूम देणारा तिथे कुणी नव्हता. शेवटी कागदातली ती ओळ विलायतेतल्या उन्हासाठी आहे, असं सदर मुदर्रिसांनी माझ्या वतीने स्पष्ट केलं.

गळाला कागदाच्या सांगण्याप्रमाणे पिसांची रंगीत माशी लावली. म्हाताऱ्याने लांबून सांगून पाहिलं की गांडूळ लावा. पण गांडूळ हा शब्द त्या गालिच्यावर आणण्यासारखा नव्हता. सिंदफणेच्या माशांनी असलं पाखरू कधी पाहिलं नसणार. ते वर येऊन त्याच्याकडे बघत असतील एवढीच मला शंका आहे.

मध्ये एकदा हुजुरांनी मला जवळ बोलावून विचारलं, समुद्रावर मासे कसे धरतात. मला खरं तेच सांगावं लागलं. मी म्हटलं, हुजूर, मी कधी धरलेले नाहीत, आमच्याकडे बाई दारावर घेऊन येते. एक क्षण सगळे तहसीलदारांकडे बघायला लागले, कारण समुद्राचा जाणकार म्हणून मला पेश करणारे ते होते. मग हुजूर खो खो हसले, आणि हसायची परवानगी मिळाल्यामुळे सगळे हसले. तो माणूस वाईट नव्हता. त्याच्याभोवती गालिचा जरा मोठा अंथरलेला होता, इतकंच.

दुपार कलली. काठी दोनदा वाकली, दोन्ही वेळा दगडाने. हुजुरांनी जांभई दिली आणि भोयांना मोकळं करायला सांगितलं. लाल पागोटी भराभर काठावर उतरली. म्हातारा सांगडीवर पडून पलीकडे गेला, बाकीच्यांनी जाळं ओढत आणलं, आणि हुजुरांनी विडा चावून संपवायच्या आत वाळूवर मासळी उड्या मारत होती. शिंगाडे, वाम, मरळी. तहसीलदार पुढे येऊन म्हणाले, मुबारक असो, काय शिकार झालीय. हुजुरांच्या हजेरीत पडलेली शिकार हुजुरांचीच. वाघाला हा नियम लागतो, मग मरळीला का लागू नये. भोयांनीही मुबारक म्हटलं. त्यांच्या तोंडावर उपहास होता का ते मी निरखून पाहिलं. नव्हता. मेणा उचलल्याचा मान त्यांना मासे धरल्याच्या मानापेक्षा मोठा वाटत होता.

मग वाटणी. शिकारीतला वाटा मिळणं म्हणजे दरबारातला विडा मिळण्यासारखं, आणि तो दर्ज्याप्रमाणे असतो. तहसीलदार, दारोगा, हकीम. हिंदू वकिलांना डाळिंबं होती, आधीच आणून ठेवलेली. शेवटी हुजुरांचं लक्ष माझ्याकडे गेलं. ते म्हणाले, “मास्टर साहब के घर भेजो. समुंदर के आदमी हैं, बेचारे तरस गए होंगे.”

त्या गर्दीत माझ्या घरची अडचण ओळखणारे तेच एक निघाले, आणि त्यांनी ती सर्वांदेखत ओळखली.

माझे घरमालक शेजारीच उभे होते, हातात डाळिंब धरून. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. हुजुरांचा वाटा नाकारणं म्हणजे हुजुरांना नाकारणं, आणि तो ज्या घरातून नाकारला जाईल ते घर त्यांचं. मी झुकून सलाम केला. आमच्याआधी चपराशी निघालाही होता. डोक्यावर परात, परातीवर जरीचा रुमाल, आणि वाटेत प्रत्येक ओसरीला सांगत की हे हुजुरांकडून इंग्रजीतल्या मास्तरांकडे चाललंय.

वेशीपाशी आल्यावर वकील म्हणाले, दाराबाहेर उभं राहून घ्यायचं, परातीला हात लावून मुजरा करायचा, आणि तिथूनच भोयाच्या घरी पाठवून द्यायचं. म्हणजे घेतलं असंही होतं आणि आलं न्हाई असंही होतं. मी हो म्हटलं. युक्तिवाद उत्तम होता, फक्त आम्ही उशिरा पोचलो.

अंगणात परात रिकामी पडली होती आणि जरीचा रुमाल तुळशीजवळ. गल्लीतल्या चार बायका दारात उभ्या होत्या. काकू आडाच्या काठाशी उभ्या, लुगडं ओलं, हात कोपरापर्यंत भिजलेले. माझी बायको पायरीवर बसली होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती. कित्येक आठवड्यांत मी ते पाहिलं नव्हतं.

झालं होतं ते असं. चपराशाने परात अंगणात टेकवून हुजुरांचं नाव घेतलं आणि रुमाल काढला. परातीत एकच मरळ होती, आणि ती जिवंत होती. तिने मान वळवून काकूंकडे पाहिलं आणि तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. काकूंनी आयुष्यात मासा पाहिला नव्हता असं नाही, पण दाराशी येऊन तहानेने तोंड उघडणारं कुणी त्यांनी कधी तसंच ठेवलं नव्हतं. त्यांनी आधी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. ते पुरत नाही असं दिसल्यावर परात उचलली आणि आडात ओतली.

वकील आडाकडे बघत राहिले. सगळ्या घराचं पिण्याचं पाणी त्यात होतं. ते म्हणाले, हे काय केलंस.

“मग काय मरू द्यायचं होतं दारात?” काकू म्हणाल्या. “मेलेलं घरात आणायचं न्हाई असं ठरलं होतं तुमचं. जित्याचं कुठं ठरलं होतं?”

वकिलांनी आठवून पाहिलं. मी पण. आमच्या करारात मासा जिवंत की मेलेला याचा खुलासा खरोखर नव्हता. दारातल्या एका म्हातारीने सांगितलं की आडात मासा असला तर पाणी निर्मळ राहतं, तिच्या माहेरी होता. दुसरीने विष्णूच्या पहिल्या अवताराची आठवण करून दिली. ओसरीवर बसेपर्यंत वकिलांचा बचाव तयार झाला होता, आणि दिवेलागणीला कुणी विचारायला आलं तेव्हा ते मत्स्यावताराचा श्लोक म्हणून दाखवत होते.

हुजुरांनी तंबू हलवण्याआधी मला रस्त्यात गाठून विचारलं, मछली कैसी रही. मी म्हटलं, हुजूर, आपल्या कृपेने अजून आहे. त्यांना वाटलं मासा फारच मोठा होता. ते समाधानाने गेले.

आमचा प्रश्न मात्र होता तिथेच होता. घर टिकलं, मासा घरात आला, आणि बायको अजून उपाशीच होती. दुपारी ती आडाच्या काठाशी बसून मुरमुरे टाकी. मरळ वर येई, एक हवेचा घोट घेई, आणि खाली जाई. मी एकदा थट्टेने विचारलं की मनात काय येतं. ती म्हणाली, “हिला खावंसं नाही वाटत. पण हिला बघून आठवण येते.” मग तिने नजर फिरवली, आणि थट्टा केल्याचं मला बरं वाटलं नाही.

काकू हे बघत होत्या. एके दिवशी शेंगा निवडता निवडता त्यांनी हिला विचारलं की तुमच्याकडं ते कसं करतात. हे मला बायकोनेच नंतर सांगितलं. तिने सांगितलं, खोबरं वाटायचं, मिरची, हळद, आमसुलं, आणि शेवटी तिरफळं ठेचून. काकूंनी निवडणं थांबवलं नाही. किती वेळ लागतो, तेल किती, भांडं कसलं, असं एकेक विचारत गेल्या. माती लागते की तांबं? मातीचं चालतं, हिने सांगितलं. मग फोडून टाकता येतं, एवढं काकू म्हणाल्या आणि सुपातल्या शेंगा घेऊन आत गेल्या.

दोन दिवसांनी त्यांनी वकिलांना सांगितलं की अमावास्येला मंजरथला गंगेवर स्नानाला जायचंय. गोदावरीला तिकडे गंगाच म्हणतात. भर थंडीत आताच कावून, असं वकिलांनी विचारलं. काकू म्हणाल्या, “डोहाळे अपुरे राहिलेलं लेकरू बघितलंय मी. लाळ थांबत न्हाई त्याची. मला ते पाप नको.” वकिलांनी यावर उलटतपासणी घेतली नाही. त्यांनी गाडीवानाला सांगून ठेवलं आणि मला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले की गोठ्याला काही कुणी घर म्हणत नाही, कायद्यात सुद्धा नाही.

अमावास्येला बुधवार आला होता. सोमवार आला असता तर आमचीच पंचाईत होती, कारण सोमवारी आम्हीही खात नाही. बायकोने ती चौकशी आधीच करून ठेवली होती.

पहाटे गाडी जुंपली. वकील पुढे बसले. काकू मागे चढून बसल्या, घोंगडी पांघरली आणि मग हिला जवळ बोलावलं. वाटलं, काही औषध सांगताहेत. त्या हळूच म्हणाल्या, “आडावर फळी टाक पोरी. तिला बघू देऊ नको.”

उजाडल्यावर, मी आदल्या संध्याकाळी सांगून ठेवल्याप्रमाणे, म्हाताऱ्या भोयाची बायको मागच्या बाजूने आली. मासा साफ करून आणला होता, पानात गुंडाळलेला. राखेने आणि मिठाने चोळायचा, मग ताकात धुवायचा, म्हणजे चिखलाचा वास जातो, असं तिने सांगितलं आणि तो जात नाही असंही प्रामाणिकपणे सांगितलं. गोठ्यात तीन दगडांची चूल मांडली. गाय सगळा वेळ आमच्याकडे बघत होती. बरणी उघडली तेव्हा तिरफळांच्या वासाने बायकोचे डोळे भरून आले की धुराने, ते मी विचारलं नाही. आडावर फळी होतीच. वर तिने एक पोतंही टाकलं होतं.

आमटी आमच्यासारखी झाली नव्हती. मासा घट्ट, गोडसर, आणि भोईणीने सांगितल्याप्रमाणे कुठेतरी मागे नदीचा चिखल. समुद्राकडच्या माणसाला त्यात मीठ कितीही घातलं तरी कमी वाटतं. मी दोन घास घेऊन थांबलो. तिने भात घेतला, पुन्हा घेतला, आणि पानाला बोट लावून पुसलं. “आपली नाही ही,” ती म्हणाली. “पण आहे.” आणि तिसऱ्यांदा भात मागितला.

मडकं मी नदीकाठी नेऊन फोडलं. चुलीचे दगड बाजूला केले, गोठा शेणाने सारवून घेतला, आणि मग बायकोने फळी काढली. ती बराच वेळ आत वाकून बघत होती.

दिवे लागल्यावर गाडी आली. वकील सरळ ओसरीवर गेले आणि थंडीबद्दल बोलू लागले. काकूंनी पाय धुतले, आडाकडे बघून फळी नसल्याची खात्री केली, आणि हिला एवढंच विचारलं की जेवलीस का. हिने मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून तिला भाकरीही जायला लागली. ते आमटीमुळे की सहावा महिना सरल्यामुळे, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. काकूंच्या मनात शंका नव्हती.

फाल्गुनात मुलगी झाली, काकूंच्याच हातांत. पहाटेपासून दुपारपर्यंत मी ओसरीवर वकिलांसमोर बसून होतो आणि ते मला एका जुन्या खटल्याची हकीकत सांगत होते. ती मी कान देऊन ऐकली आणि तिच्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. मुलीच्या तोंडातून पुढे वर्षभर लाळ गळत होती. मी ते एकदा काकूंच्या नजरेला आणलं. त्या म्हणाल्या, बाप दोनच घास खाऊन उठला, त्याची असेल ती.

बाळंतीण उठली की तिकडे आडाची पूजा करतात. हळदकुंकू वाहायचं, घुगऱ्या पाण्यात सोडायच्या, आणि मग घागर भरून घरात यायचं. गल्लीतल्या बायका जमल्या. हिने काठावर हळदीची बोटं ओढली. मुलगी काकूंच्या मांडीवर होती. घुगऱ्या पडल्या तशी मरळ वर आली. आता ती आणखी बोटभर जाड झाली होती. एक हरभरा तोंडात घेऊन ती तशीच पाण्याच्या वरच्या थरात थांबली, आणि तिच्या सवयीप्रमाणे आमच्याकडे बघत राहिली. बायका म्हणाल्या, देवाचं आहे, पूजा पावली.

काकूंनी लेकराला जरा पुढे करून तिला दाखवलं. मग हिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “सगळं ठाऊक हाय हिला. बोलत न्हाई, तेवढं बरं.”